फॅन्टसी बेसबॉलच्या रूकी ड्राफ्टची (नवख्या खेळाडूंच्या निवडीची) शीट पहिल्यांदा बनवतोयस ना, मग हे ऐक

अरे, पहिल्याच दिवशी पन्नास कॉलम टाकू नकोस. नाव, पोझिशन, वय, लेव्हल (म्हणजे कुठल्या पायरीच्या लीगमध्ये खेळतोय ते) आणि तुझा स्वतःचा टियर (दर्जाचा गट), एवढं बास. वय आणि लेव्हल शेजारी शेजारी ठेव, कारण १९ वर्षांचा पोरगा डबल-ए मध्ये (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालची लीग) टिकतोय आणि २४ चा तिथेच धुतोय यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'कधी येईल' हा कॉलम वेगळा कर, पिचर पॉल स्कीन्स कॉलेजातून २०२३ च्या खऱ्या मेजर लीग ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला आणि मे २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये पिचिंग करत होता, पण डॉमिनिकन रिपब्लिकमधून साइन झालेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना बहुतेक वेळा कित्येक वर्षं लागतात. आणि सॉर्ट करताना आख्खी शीट सिलेक्ट कर रे, माझा एकदा एकच कॉलम हलला नि सगळी वयं भलत्याच नावांपुढे गेली.