वडिलांच्या मोबाइलमधून एसएमएसचे पैसे कटतात आणि व्हॉट्सॲपवर लिंकांचा पूर आलाय. तक्रार कुठे करायची?

तुम्ही लिहिलंय की वडील यवतमाळकडे गावी एकटे असतात. वीस रुपयांचा बॅलन्स टाकला की चार दिवसांत संपतो, कंपनीला फोन केला तर "तुम्ही एसएमएस वापरले" एवढंच उत्तर मिळतं. शिवाय फेसबुक-व्हॉट्सॲपवर अनुदानाच्या आणि पीक विम्याच्या लिंका थांबत नाहीत. दोन्हींची तक्रार एकाच जागी होईल का, हा तुमचा प्रश्न.

एकाच जागी होत नाही. पण त्याआधी पैसे कुठून गळतात ते शोधा.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात नऊ वर्षांपासून रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. कापसाच्या दिवसांत हीच तक्रार घेऊन रोज कोणी ना कोणी येतं. जवळजवळ सगळ्यांचा समज असा की खूप मेसेज येतात म्हणून पैसे कटतात. तसं नसतं. आपल्याकडे आलेल्या एसएमएसचे पैसे लागत नाहीत, दिवसाला शंभर जाहिराती आल्या तरी बॅलन्स हलत नाही. कटतात ते आपल्या सिममधून गेलेल्या एसएमएसचे, किंवा न कळत सुरू झालेल्या एखाद्या सेवेचे. म्हणून मी इनबॉक्स नंतर बघतो. आधी गेलेले मेसेज बघतो.

सेवेचं लवकर कळतं. गाणी, क्रिकेट, राशिभविष्य असं काही सुरू असेल तर पैसे ठरावीक दिवसांनी आणि ठरावीक रकमेनेच कटतात. फेसबुकवरची जाहिरात दाबली, एक पान उघडलं, त्यावर "पुढे" दाबलं, की सेवा सुरू. ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ मध्ये नियम केला की ग्राहकाने दोनदा होकार दिल्याशिवाय अशी सेवा सुरू करायची नाही. पण पडद्यावरचं इंग्रजी वाचता न येणारा माणूस दोन्ही वेळा हिरवं बटणच दाबतो, हे मी समोर बसून पाहिलंय. बंद करायला १५५२२३ हा नंबर सगळ्या कंपन्यांना चालतो. इंग्रजीत स्टॉप लिहून त्यावर एसएमएस करा, किंवा तिथे फोन लावा, फोनला पैसे पडत नाहीत.

दुसरं कारण यूपीआयचं. ॲप नव्याने टाकलं, फोन बदलला किंवा सिम दुसऱ्या खाच्यात घातलं, की बँकेशी नंबर जुळवायला ते ॲप आपल्याच सिममधून एक एसएमएस पाठवतं. त्याला नेहमीचा दर लागतो. पॅकमध्ये एसएमएस नसतील तर मुख्य बॅलन्समधून एक-दीड रुपया जातो. रेंज नसली की तो मेसेज अडकतो, माणूस पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा पैसे. आमच्याकडे नाल्यापलीकडच्या वस्तीत हे नेहमीचं आहे. मी त्यांना सांगतो, ते काम दुकानात येऊन करा, इथे टॉवर बरा आहे.

आणि बँकेच्या पासबुकात "एसएमएस चार्जेस" म्हणून दिसतं ते आणखी वेगळं. ते बँक घेते, मोबाइल कंपनी नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय की हे पैसे प्रत्यक्ष वापराच्या हिशोबाने घ्या. तो वाद शाखेत जाऊन घालायचा.

आता तिसरं कारण. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला याचीच भीती वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मागच्या हंगामात सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन पंधराएक दिवस झाले असतील, वेचणी जोरात होती. ओळखीचे एक काकाजी आले. "भाऊ, परवाच तं टाकला बॅलन्स. गेला कुठी? म्या तं कोनाले मेसेज करतच नाई." खरंच करत नाहीत ते. त्यांना टाईपच करता येत नाही. मी मेसेज उघडले आणि खाली सरकत गेलो. एका अनोळखी दहा आकडी नंबरला ढीगभर मेसेज गेलेले. त्यात बँकेचे, गॅस सिलिंडरचे, रिचार्जचे, जे जे त्यांना आलं ते जसंच्या तसं पुढे गेलेलं. शेवटून तिसरा मेसेज त्यांच्या लेकीचा होता. "बाबा, पोहोचले. गाडीत जागा भेटली." तोसुद्धा त्या नंबरला गेला होता. काकाजी माझ्या खांद्यावरून वाचत होते. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "हे त्याले कायले पायजे होतं?"

त्याच्या आठ दिवस आधी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "पीएम किसान यादी" नावाची फाइल आली होती. पाठवणारा शेजारचाच, म्हणून त्यांनी उघडली. ती यादी नव्हती, शेवटी एपीके असलेली फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं ॲप. ते बसताना "एसएमएस वाचू द्यायचे का, पाठवू द्यायचे का" असं विचारतं, आपण हो म्हणतो, आणि मग आलेला प्रत्येक मेसेज ते भामट्याच्या नंबरला पाठवत राहतं. त्याला हवा असतो ओटीपी. बाकीचं सगळं त्यासोबत वाहून जातं, आणि त्याचं भाडं आपल्याच बॅलन्समधून भरलं जातं. शेजाऱ्याने ती फाइल मुद्दाम पाठवली नव्हती. त्याचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात होता.

बॅलन्स इतका भराभर का संपतो, तेही तेव्हा लक्षात आलं. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. मराठीतला दीडशे अक्षरांचा मेसेज तीन एसएमएस म्हणून मोजला जातो. लेकीचं प्रेमाचं चार ओळींचं बोलणं सगळ्यात महाग पडतं.

त्या दिवशी आम्ही काय केलं ते सांगतो, तुम्हालाही तेच करावं लागेल. फोन आधी विमान मोडवर टाकला, वायफाय बंद केलं, सिम काढलं. मग माझ्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला लावून यूपीआय आणि कार्ड बंद करवलं. त्यानंतर सेटिंग्जमध्ये ॲप्सची पूर्ण यादी उघडली. या ॲपचं चिन्ह समोरच्या पडद्यावर दिसत नाही, यादीतच सापडतं. काढायला गेलो तर निघेना, कारण त्याने "डिव्हाइस ॲडमिन" ही परवानगी घेऊन ठेवली होती. ती सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन काढली, तेव्हा निघालं. नातवाचे फोटो कॉपी करून फोन पूर्ण रिसेट केला. एसएमएसची परवानगी आणखी कोणकोणत्या ॲपला आहे, ते परवानग्यांच्या यादीत एका जागी दिसतं. तिथे मेसेजचं स्वतःचं ॲप, यूपीआय आणि बँक सोडून काही असेल तर परवानगी काढून टाका.

काकाजींच्या खात्यात तेव्हा हजार-बाराशेच होते आणि ते वाचले. कापसाचे पैसे आठवडाभराने यायचे होते. आठ दिवस उशीर झाला असता तर वर्षाची कमाई त्या नंबरवाल्याच्या हाती गेली असती. आजही त्यांच्या वावराजवळून जाताना मला ते आठवतं.

आता तक्रारीचं. बॅलन्सचा वाद असेल तर कंपनीच्या १९८ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. "एसएमएस वापरले" या तोंडी उत्तरावर थांबू नका. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागता येतो, त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. कोणत्या नंबरला किती एसएमएस गेले ते त्यात येतं. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जायचं. लोक थेट ट्रायला पत्र लिहितात, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

जाहिरातीच्या एसएमएस आणि कॉलसाठी १९०९. इंग्रजीत स्टार्ट आणि पुढे शून्य लिहून पाठवलं की सगळ्या जाहिराती बंद करण्याची नोंद होते. बँकेचे व्यवहाराचे मेसेज तरीही येतात, ती काळजी नको. एखादा मेसेज आलाच तर तक्रारीला पूर्वी तीन दिवस मिळायचे, फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने सात दिवस झाले. त्याच दुरुस्तीत एक कामाची गोष्ट आली. नोंदणीकृत पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. योजनेचा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला, तर तो सरकारचा नाही असं मी सरळ सांगतो.

पण १९०९ ची हद्द कॉल आणि एसएमएसपुरतीच आहे. व्हॉट्सॲप-फेसबुकवर काय येतं ते तिच्या हातात नाही. "डीएनडी (जाहिराती बंद करायची हीच नोंद) केलं तरी लिंका येतेतच" असं लोक म्हणतात, त्याचं कारण हे. व्हॉट्सॲपवर त्या नंबरला रिपोर्ट करून ब्लॉक करावं लागतं. रिपोर्ट केल्यावर त्याने पाठवलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे तपासायला जातात, म्हणून रिपोर्ट करण्याआधी चॅट पुसू नका. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं ते "माय कॉन्टॅक्ट्स" वर आणा. निम्मा कचरा तिथेच थांबतो. फसवणुकीचा प्रयत्न दिसला पण पैसे गेले नाहीत, तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू म्हणून सोय आहे, तिथे स्क्रीनशॉटसह कळवता येतं. आणि पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तेही लगेच. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते.

पॅकबद्दलही सांगतो. वडील इंटरनेट वापरत नसते तर फक्त कॉल-एसएमएसचा पॅक घ्या म्हणालो असतो. डिसेंबर २०२४ च्या नियमाने कंपन्यांना असा पॅक ठेवावाच लागतो, पण दुकानदाराने सांगितल्याशिवाय गावात तो कोणाला माहीत नसतो. तुमच्या वडिलांना व्हॉट्सॲपवर नातवंडं बघायची असतात, तेव्हा डेटा ठेवा.

आज संध्याकाळी ते वावरातून आले की फोन करा. "काय दाबलं तुम्ही?" असं विचारू नका. काकाजींनी बॅलन्स जातोय हे चार दिवस घरात सांगितलं नव्हतं, पोरगा रागावेल म्हणून. फक्त एवढं म्हणा, "बाबा, मोबाइल घेऊन दुकानात जा अन् गेलेले मेसेज दाखवा." ओळख नसलेल्या एकाच नंबरला बरेच मेसेज गेलेले दिसले, तर तुमचा पुढचा फोन बँकेला जाऊ द्या, कंपनीला उद्या केला तरी चालेल.