तास सोडलेला बैल आणि डिलिरियम

मागच्या अंकात सहज लिहून गेलो की इंग्रजीतला एखादा शब्द घशात अडकला असेल तर कळवा, आणि एवढी पत्रं आली की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नाही. निम्मे शब्द दवाखान्याच्या फायलीतले. तर आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेला माणूस आहे, शब्द विचारा, गोळ्या विचारू नका.

प्रश्न : गुरुजी, आमच्या आजीला जालन्याला ॲडमिट केलं होतं, वय ८१, लघवीचं इन्फेक्शन. दुसऱ्या रात्री ती एकदम वेगळंच बोलायली, वारलेल्या आजोबाला हाका मारायली, सलाईन पण उपसून काढली. डॉक्टर म्हणले डिलिरियम आहे. आमची आत्या म्हणते म्हातारीला येड लागलं. डिलिरियम म्हणजे येडच का? (अंबड तालुका)

उत्तर : नाही, आणि आत्याबाईंना हे वाचून दाखवा. हा शब्द लॅटिन आहे आणि तो दवाखान्यातला नाहीच, शेतातला आहे. लॅटिनमध्ये लिरा म्हणजे नांगराचा तास (घड्याळाचा नव्हे, नांगर फिरला की जमिनीत पडते ती सरळ चरी), किंवा दोन तासांमधला वरंबा म्हणा. डे म्हणजे पासून दूर. औत चालू आहे, बैल सरळ चाललाय, आणि मधीच काहीतरी बुजल्यासारखं होऊन तो तास सोडून बाजूच्या रानात घुसतो, बस्स, त्याला ते लोक म्हणायचे डेलिरारे. पुढे माणसाचं बोलणं असं भरकटलं की त्यालाही तेच म्हणू लागले. (इटलीचं जे जुनं लिरा नाणं होतं ते वेगळं, ते लिब्रा या वजनावरून आलं, त्याचा नांगराशी संबंध नाही.)

आता बघा, तास सोडलेला बैल येडा झालेला नसतो. कासरा ओढला, दोन शब्द बोलले की परत येतो. डिलिरियमचंही बरंचसं तसंच, अचानक सुरू होतं, दिवसा जरा बरं रात्री जास्त असं वरखाली होत राहतं, आणि म्हाताऱ्या माणसात इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम उतरणं, एखादं औषध न मानवणं अशी कारणं असतात, कारण सापडलं की बहुतेकदा माणूस तासावर येतो. डिमेन्शिया हा वेगळा शब्द, त्यात मेन्स म्हणजे मन किंवा बुद्धी, ती हळूहळू वर्षानुवर्षं सरत जाते. एक रात्रीतून होतं, एक वर्षांतून, एवढं लक्षात ठेवलं तरी आत्याबाई गप बसतील.

नांगर निघालाच आहे तर अजून एक देतो, कोणी मागितला नाही तरी. बूस्ट्रोफेडॉन. बूस म्हणजे बैल, स्ट्रोफे म्हणजे वळण. फार जुने ग्रीक शिलालेख असे असायचे की पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, ती संपली की तिथूनच खाली उतरून दुसरी डावीकडून उजवीकडे, अक्षरंसुद्धा उलटी फिरवलेली. म्हणजे धुऱ्यापर्यंत जायचं आणि औत वळवून परत यायचं. रिकामं परत येऊन पुन्हा डावीकडूनच सुरू करायचं हे कुठल्याही शेतकऱ्याला येडेपणाचंच वाटेल, आपण मात्र वहीत रोज तेच करतो!

प्रश्न : एपिसेंटर आणि सेंटर यात फरक काय? आमच्याकडे ९३ पासून हा शब्द सगळ्यांना पाठ आहे पण अर्थ कोणी सांगत नाही. (औसा तालुका)

उत्तर : ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. तुमच्या भागात कोणाला ही तारीख सांगायची गरज नाही. भूकंप झाला आणि किल्लारी हे नाव तेव्हापासून या शब्दाला चिकटलं ते कायमचं.

एपि म्हणजे वर. भूकंप जिथं खरा सुरू होतो ती जागा जमिनीच्या पोटात काही किलोमीटर खाली असते, तिला हायपोसेंटर म्हणतात, हायपो म्हणजे खाली. आणि त्या जागेच्या बरोब्बर डोक्यावर जमिनीवर जो ठिपका येतो तो एपिसेंटर. हल्ली बातम्यांत अमुक गाव घोटाळ्याचं एपिसेंटर असं येतं तेव्हा मला हसू येतं, कारण मग खरा घोटाळा त्या गावाच्या खाली कुठंतरी झाला असं होतं. (तसं ते बऱ्याचदा खरंही असतं म्हणा.)

पण खरी गंमत सेंटरमध्ये आहे. ग्रीकमध्ये केन्त्रॉन म्हणजे टोचायची वस्तू, बैलाला हाकायची पराणी. आपल्या पराणीच्या टोकाला लोखंडी आर असते ना, तीच. पराणीला लाथा झाडू नये अशी ग्रीकमध्ये म्हणच आहे, लागतं ते बैलालाच. पुढे वर्तुळ काढायच्या कंपासचा जो पाय टोचून उभा करतात त्याला केन्त्रॉन म्हणू लागले, मग त्या टोचलेल्या ठिपक्याला. तिथून लॅटिनमध्ये सेन्ट्रम, तिथून फ्रेंच, तिथून इंग्रजी सेंटर.

आणि आपलं केंद्र? तेही तेच! ग्रीकांचं ज्योतिष आणि गणित इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत इकडं आलं तेव्हा त्याबरोबर शब्दही आले, केन्त्रॉनचं संस्कृतमध्ये केन्द्र झालं. पत्रिकेतला होरा पण तसलाच, ग्रीक होरा, त्याच्यावरूनच इंग्रजी अवर. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ग्रंथांत असे ग्रीक शब्द आहेत. म्हणजे आपण ज्याला शुद्ध देशी म्हणून इंग्रजी सेंटरच्या जागी बसवतो तो त्याचा चुलतभाऊच निघाला. आमच्या शाळेत केंद्रप्रमुख यायचे तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं, ते शिक्षकांना टोचून का बोलतात ते आत्ता कळतंय.

प्रश्न : सर मी लातूरला नीटची तयारी करते. पेडियाट्रिशियन म्हणजे लहान लेकरांचा डॉक्टर, मग ऑर्थोपेडिक हाडांचा कसा काय, आणि पेडेस्ट्रियन पायी चालणारा कसा काय? एकच पेड आहे ना?

उत्तर : बाळा, तीन पेड आहेत आणि तिन्ही वेगळे. ग्रीक पाइस म्हणजे लेकरू, त्याच्यावरून पेडियाट्रिक. लॅटिन पेस म्हणजे पाय, त्याच्यावरून पेडेस्ट्रियन, पेडल, पेडिक्युअर. ग्रीक पेडॉन म्हणजे जमीन, त्याच्यावरून पेडॉलॉजी, म्हणजे मातीचं शास्त्र. ऑर्थोपेडिकमध्ये पाय नाही, लेकरू आहे. ऑर्थोस म्हणजे सरळ. निकोलस आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १७४१ मध्ये लेकरांची वाकडी हाडं सरळ कशी करावी यावर पुस्तक लिहिलं, त्यासाठी हा शब्द घडवला, नंतर लेकरं मोठी झाली आणि शब्द तसाच राहिला. पाठ करू नको, एकदा फोडून बघ, विसरणार नाहीस.

प्रश्न : परभणीला कृषी विद्यापीठात शिकतो. आपल्या काळ्या जमिनीला पुस्तकात व्हर्टिसॉल म्हणतात. हे कोणाचं नाव आहे का?

उत्तर : नाव नाही, काम आहे. व्हर्टेरे म्हणजे फिरवणं, उलटवणं, आणि सोलम म्हणजे जमीन. एप्रिल-मे मध्ये परभणीकडच्या रानात जाऊन बघ, म्हणजे बघितलंच असशील, भेगा एवढ्या की चप्पल आत जाते. वरची भुगा झालेली माती, पाचोळा, ढेकळं सगळं त्या भेगांत पडतं. मृगाचा पाऊस झाला की ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, आत पडलेली माती खालून दाबून वर यायला बघते. असं वर्षानुवर्षं चालतं, वरचं खाली खालचं वर, म्हणून म्हणतात काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. नाव ठेवणाऱ्याने नेमकं तेच पकडलं. आपल्या घरांच्या भिंती तडकतात, विजेचे खांब झोकांड्या खातात ते पण ह्याच फुगण्या-आक्रसण्यामुळे. चक्कर येते तो व्हर्टिगो ह्याच धातूचा, पाठीचा मणका व्हर्टेब्रा ह्याचाच, आणि कवितेची ओळ व्हर्स हीसुद्धा, लॅटिनमध्ये व्हर्सस म्हणजे नांगर वळवून घेतलेला नवा तास. वर बघा, परत तिथंच आलो.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात आशा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या कागदावर हिस्टेरेक्टॉमी लिहिलेलं असतं, ते कळतं, पिशवी काढली. पण काहींच्या कागदावर त्याच्यापुढं अजून लांबलचक लिहिलेलं असतं, बायलॅटरल साल्पिंगो ऊफोरेक्टॉमी. बाया विचारतात हे काय, मला सांगता येत नाही.

उत्तर : ताई, या महिन्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुमचा, म्हणून सावकाश लिहितो.

हिस्टेरा म्हणजे ग्रीकमध्ये गर्भाशय. एक म्हणजे बाहेर, टोमे म्हणजे कापणं. कापून बाहेर काढणं ती एक्टॉमी. ज्याला कापता येत नाही तो ॲटम, त्यातही हाच टोमे आहे. हिस्टेरिया हा शब्दही गर्भाशयावरूनच, बाई ओरडली, रडली, घाबरी झाली की तिची पिशवी अंगात जागा सोडून भटकते असं जुने वैद्य मानायचे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हे निदान आपल्या यादीतून काढलं ते थेट १९८० साली. म्हणजे त्रास कसलाही असो, दोष पिशवीचा, ही खोड फार जुनी आहे.

आता लांबलचक भाग. बायलॅटरल म्हणजे दोन्ही बाजूंचं. साल्पिंक्स म्हणजे तुतारी, गर्भनळीचं तोंड तुतारीसारखं पसरट असतं म्हणून नळीला ते नाव. ऊफोरॉन म्हणजे अंडं वाहणारं, बीजांडकोश. सगळं जोडलं की अर्थ होतो : पिशवीबरोबर दोन्ही नळ्या आणि दोन्ही बीजांडकोशही काढले. हा फरक बायांना सांगाच. नुसती पिशवी काढली तर पाळी बंद होते पण बीजांडकोश काम करत राहतात. तेही काढले तर अंगातलं हार्मोन एकदम तुटतं, तिशी-पस्तिशीतच म्हातारपणाचे त्रास सुरू, अंगातून वाफा, हाडं ठिसूळ. त्या बाईला पुढची औषधं, तपासण्या वेगळ्या लागतात, आणि डॉक्टरला हे सांगायला तिला स्वतःला ते माहीत पाहिजे.

२०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायांची सरकारी पाहणी झाली तेव्हा पिशवी काढलेल्या १३ हजारांहून जास्त निघाल्या. पाळीत कामावर नाही गेलं की खाडा पडतो, कोयत्याची उचल, म्हणजे तोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असते, ते तुम्हाला मी काय सांगावं. कागद जपून ठेवायला सांगा, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवायला सांगा.

प्रश्न : बोट ठणकत होतं, डॉक्टरनी पॅरोनिकिया लिहून दिलं. एवढा मोठा आजार आहे का? (पैठण)

उत्तर : नखुरडं झालंय हो तुम्हाला. पॅरा म्हणजे बाजूला, ओनिक्स म्हणजे नख. नखाच्या बाजूचं, झालं.

पण पैठणच्या माणसानं हे विचारावं याचा मला फार आनंद झाला. ओनिक्स नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा दगड असतो, नखासारखी झाक असते म्हणून ते नाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक लिहिणाऱ्या कोणा व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून इकडच्या बंदरांपर्यंतची माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात तिला, पेरि म्हणजे भोवती, प्लूस म्हणजे गलबतातून जाणं. त्यात तुमचं गाव आहे! भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिवचं तेर. तेरहून साधं कापड आणि मलमल, आणि पैठणहून काय जायचं, तर ओनिक्सचा दगड, गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला. रस्त्याची तक्रार तेव्हापासूनची आहे.

आमची माय नखुरडं झालं की लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून ठेवायला लावायची, रात्रभर ते लिंबू सांभाळत झोपायचं. गार वाटायचं एवढं खरं. पण बोट टचटचून सुजलं असेल, पू दिसत असेल, त्यातून शुगर असेल तर लिंबाच्या नादी लागू नका, त्याच डॉक्टरकडे परत जा आणि पू काढून घ्या.