वेल्डिंग मारताना पिकअपचा ईसीएम जळाला, भरपाई मिळेल का?

प्रश्न : वकीलसाहेब, मी दारव्हा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. बीएस-६ डिझेल पिकअप आहे, मीच चालवतो. घरचा कापूस जिनिंगला नेतो, हंगामात गावातलं भाडंही मारतो. मागच्या पाट्याजवळ चेसीला तडा गेला म्हणून गाडी वेल्डिंगवाल्याकडे सोडली. वेल्डिंगनंतर ती सुरूच होईना. कंपनीच्या वर्कशॉपच्या माणसाने स्कॅनर लावून ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जळाल्याचं सांगितलं. वेल्डिंगवाला म्हणतो, आधीच बिघडलेला असेल. आणि मजुरीचे १,८०० रुपये दिल्याशिवाय गाडी सोडत नाही. लवकर आटप म्हणून घाई मीच केली होती. मुलाने काढलेला फोटो पाठवतो. पोलिसांत जाऊ का?

उत्तर : भाऊ, पोलिसांत जाऊन हाती काही लागणार नाही. त्याने मुद्दाम नुकसान केलेलं नाही, निष्काळजीपणा केला आहे. त्याची दाद यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात मागायची.

फोटो मी मोठा करून पाहिला. तडा मागे आणि वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगची क्लिप पुढे, बंपरच्या ब्रॅकेटला. बॅटरीच्या दोन्ही वायरी जागच्या जागी. वेल्डिंगचा करंट शंभर अँपिअरच्या वर सहज जातो आणि परत फिरताना सापडेल ती वाट धरतो. क्लिप लांब असली की वायरिंग, सेन्सर, ईसीएमची अर्थिंग, सगळंच त्या वाटेत येतं. म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मग पॉझिटिव्ह, ईसीएमचे कनेक्टर सोडवायचे आणि क्लिप तड्याजवळच, घासून साफ केलेल्या लोखंडावर लावायची. हे काम पोटासाठी करणाऱ्याला एवढं माहीत असायलाच हवं.

आता कायदा. गाडी त्याच्या ताब्यात दिलीत, म्हणजे भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम १५१ प्रमाणे साध्या शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी त्याने घ्यायला हवी होती. ती घेतली, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे. पण त्याच कायद्याच्या कलम १७० ने मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्कही त्याला दिला आहे. तेव्हा भांडत बसू नका. १,८०० रुपये द्या, 'भरपाईचा हक्क राखून' असं लिहून द्या आणि तारीख, गाडी नंबर, कामाचं वर्णन असलेली पावती घ्या. ही पावतीच तुम्हाला त्याचा ग्राहक ठरवते. मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने आयोगात फी लागत नाही. मुदत २ वर्षांची आहे, पण एवढे दिवस थांबू नका.

गाडी भाड्याने चालते, म्हणजे धंद्याची, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं तो म्हणेल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू ग्राहक कायद्याने व्यापारी हेतूत धरलेली नाही. तक्रारीत स्पष्ट लिहा की गाडी तुम्हीच चालवता, ड्रायव्हर ठेवलेला नाही.

सगळ्यात जपायचा आहे तो जळालेला ईसीएम. कापसाचे दिवस आहेत, गाडी दारात उभी ठेवणं परवडत नाही, हे मला कळतं. तरी बदलण्याआधी पोचपावतीसह स्पीड पोस्टने नोटीस द्या : सात दिवसांत येऊन पाहा, नाहीतर आम्ही दुरुस्ती करून घेऊ. वर्कशॉपकडून एरर कोड, किलोमीटर आणि तारखेसह स्कॅन रिपोर्ट सही-शिक्क्याने घ्या. काढलेला ईसीएम दोन साक्षीदारांसमोर सीलबंद करा. बदल्यात जमा करून घेतो असं वर्कशॉप म्हणालं तरी देऊ नका. मुलाच्या मोबाईलमधला मूळ फोटो पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागेल. मधल्या काळात दुसरी गाडी केलीत तर त्या भाड्याच्या पावत्या ठेवा, तेही मागता येतं. विम्यावर फार भिस्त ठेवू नका, विद्युत बिघाड साध्या पॉलिसीतून सहसा वगळलेला असतो.

राहिली तुमची घाई. 'लवकर आटप' म्हणणं वेगळं आणि 'बॅटरी काढू नको' म्हणणं वेगळं. बॅटरी काढू का, असं त्याने विचारलं होतं का आणि तुम्ही काय उत्तर दिलंत, हे नोटीस लिहिण्याआधी मला जसंच्या तसं सांगा. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येईल.