पुढच्या दातांचे बाँडिंग करण्यापूर्वी

चिरंजीवास, अनेक उत्तम आशीर्वाद.

शाहू स्टेडियमवरच्या सामन्यात तुझ्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. तो भरून घेताना शेजारच्या पाच दातांनाही बाँडिंग करून सगळेच एकसारखे पांढरेशुभ्र करावेत का, असे तू विचारले आहेस. तुटलेल्या दाताचे काम अवश्य कर, उरलेल्या पाचांना मात्र तूर्त हात लावू देऊ नकोस.

बाँडिंग म्हणजे काचेचे सूक्ष्म कण मिसळलेले, दाताच्या रंगाचे, कंपोझिट नावाचे प्लास्टिकसारखे द्रव्य दातावर थराथराने चढवणे. आधी फॉस्फरिक आम्ल लावून दात धुऊन वाळवला की इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण कवच, खडूसारखे निस्तेज पांढरे दिसते. त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडलेली असतात, आणि त्यांत शिरलेले पातळ रेझिन, म्हणजे राळेसारखे चिकट द्रव्य, निळ्या प्रकाशाखाली घट्ट होऊन धरून बसते. ही पकड मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवून दिली आणि आजही सारे काम तिच्याच भरवशावर चालते. नेमक्या त्या वेळी तिथे लाळ लागली तर पकड कच्ची राहते, म्हणून दात कोरडा ठेवण्यासाठी रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पातळ पडदा, लावणारा, घाई न करणारा डॉक्टर निवड.

या उपचाराचे गुण मी मनापासून मानतो. बहुतेक वेळा इंजेक्शन लागत नाही, काम एका बैठकीत होते, निरोगी दात फारसा घासावा लागत नाही, खर्च पोर्सिलिनच्या व्हिनियरपेक्षा, म्हणजे दातावर चिकटवायच्या पातळ पापुद्र्यापेक्षा, कमी येतो आणि पुढे टवका उडाला तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते.

पण कंपोझिट साधारण पाच ते सात वर्षे टिकते, नीट जपले तर अधिक. चहा, तंबाखू आणि आपल्या रश्शातली हळद यांनी त्याच्या कडा पिवळट पडतात, आणि नैसर्गिक दात उजळवणाऱ्या ब्लीचिंगचा त्याच्यावर परिणाम होत नाही. म्हणून दात उजळवायचेच असतील तर ते आधी करून मध्ये निदान दोन आठवडे जाऊ दे. विशीतच सहा दातांवर थर चढवलास, तर पॉलिश, डागडुजी आणि बदल हे सहा पटींनी जन्मभर मागे लागेल, आणि जुना थर काढताना इनॅमल खरवडले गेले तर ते पुन्हा येत नाही. माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिचे दात फोटोत सुरेख दिसत, पण हिरडीलगत कंपोझिटची कड बाहेर राहिल्यामुळे तिथे दातांच्या फटी साफ करायचा फ्लॉसचा दोरा घातला की तो विसकटून बाहेर येई आणि हिरडीतून रक्त झिरपे. काम झाल्यावर दोन दातांमधून दोरा सहज फिरतो का, हे खुर्चीवरून उठण्यापूर्वीच पाहून घे.

ऊस दातांनी सोलणे आता कायमचे सोड, आणि खेळताना माउथगार्ड घाल. रात्री दात खात असशील तर तेही डॉक्टरांना सांग. मार लागलेल्या दाताची नस काही महिन्यांनीही मरू शकते, तेव्हा आधी एक्स-रे काढ आणि पुढच्या तपासण्या चुकवू नकोस.

तुटलेला तुकडा जपून ठेवला असशील तर तो पाण्यात घालून सोबत ने, कित्येकदा तोच पुन्हा चिकटवता येतो. नसेल, तर अपघाताआधीचा हसरा फोटो ने. दाताची मूळ कड सरळ होती की किंचित गोल, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.