पण ते असो

(पत्र बरंच छोटं केलंय आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.)

"ताई, माझ्याबरोबर काम करणारी मैत्रीण दीड महिन्यापूर्वी तिच्या घरात मृतावस्थेत सापडली. नवरा म्हणतो बाथरूममध्ये पाय घसरला आणि डोकं आपटलं. पोलिसांनी संशयास्पद मृत्यू म्हणून तपास सुरू केलाय, पण अटक नाही आणि काही सांगतही नाहीत. आम्ही चौघी रोज रात्री आमच्या जुन्या ग्रुपवर तेच बोलत बसतो, ज्यात तीही होती. त्यानं अँब्युलन्सच्या आधी भावाला फोन का केला? मधली चाळीस मिनिटं काय चाललं होतं? फरशी पुसलेली कशी? मुलगी नेमकी त्याच रात्री आजीकडे कशी? आणि अंत्यविधीला त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, मी स्वतः बघितलंय. बातम्यांखाली लोक जे लिहितात ते सगळं वाचते, पहाटेचे दोन वाजतात. माझा नवरा म्हणतो तू वेडी होशील. ती घरचं कधी काही बोलायची नाही. मार्चमध्ये दोन दिवस रजेवर होती तेव्हा ग्रुपवर तिचा एक व्हॉइस मेसेज आला होता, आवाज पार बसलेला, सर्दी झालीय म्हणाली, आम्ही 'आता गाणं म्हण' म्हणून चिडवलं पण होतं, तो अजून फोनमध्ये आहे, ऐकवत नाही, पण ते असो. मला एवढंच सांगा, खरं काय झालं ते आम्हाला कधी कळणार? आणि यातून मी बाहेर कशी पडू?
– एक मैत्रीण"

अगं, 'पण ते असो' काय? ते कसं असू दे?

तुझं मूळ पत्र खूप मोठं आहे, त्यातली प्रश्नचिन्हं मी मोजली, सव्वीस भरली आणि सगळीच्या सगळी त्या माणसाबद्दल. तो कुठे उभा होता, कुणाला फोन केला, रडला की नाही. आणि तिच्याबद्दल, म्हणजे जी गेली तिच्याबद्दल, तिच्या स्वतःच्या आवाजाबद्दल, दीड ओळ, ती पण तू झटकून टाकलीस. मला राग आलाय तुझा, थोडा नाही चांगलाच आलाय, आणि तो येऊनही मला तुला जवळ घ्यावंसं वाटतंय कारण ती दीड ओळ तू खोडली नाहीस. खोडू शकली असतीस.

आता नीट वाच. माणसाचा आवाज बसायला पन्नास कारणं असतात, सर्दी हे त्यातलं सगळ्यात साधं आणि तिला खरंच सर्दी झालेली असू शकते, हे मी आधीच सांगते. पण गळा दाबला गेला तरी आवाज बसतो. स्वरयंत्र गळ्यात अगदी पुढेच असतं, त्यावर दाब आला की आत सूज येते आणि आवाज घोगरा होतो, कधीकधी जातोच. आणि बाहेरून? बऱ्याचदा काहीच दिसत नाही. अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये घरगुती हिंसाचारातल्या गळा दाबल्याच्या ३०० केसेस तपासल्या होत्या, २००१ साली तो अभ्यास छापून आला, त्यातल्या साधारण निम्म्या केसेसमध्ये अंगावर एकही खूण नव्हती. वळ नाही, ओरखडा नाही. म्हणून तर अशी बाई दोन दिवसांनी कामावर येते आणि शेजारी बसणाऱ्यांना कळत नाही, तुम्हाला कळलं नाही यात तुमचा गुन्हा नव्हता. अमेरिकेतलाच दुसरा एक अभ्यास आहे, २००८ चा, त्यात दिसलं की जोडीदारानं आधी कधी गळा दाबलेला असेल तर त्या बाईचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त असते. म्हणून हा 'एकदा काय तो झालेला' प्रकार म्हणून सोडून द्यायचा नसतो. (हे वाचणाऱ्या कुणाच्या बाबतीत असं घडलं असेल, अगदी मागच्या आठवड्यात, तर आजच डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट शब्दांत सांगा की गळा दाबला होता. आतली सूज काही तासांनी वाढू शकते, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर काही दिवसांनी पण पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. नंतर बघू म्हणू नका.)

याच्या बाकीच्या पण खुणा असतात, त्यांची यादी आहे, डॉक्टरांना माहीत असते. ती मी तुला मुद्दाम सांगत नाहीये. कारण सांगितली की आज रात्रीच तुला त्यातल्या दोन-तीन 'आठवतील' आणि त्या खऱ्या आठवतायत की मी डोक्यात घातल्यात हे तुलाच कळणार नाही. एलिझाबेथ लॉफ्टस नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली आणि मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं 'धडकून चक्काचूर झाल्या' तेव्हा किती होता. आठवड्याभरानं सगळ्यांना विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का. फिल्ममध्ये काचा फुटलेल्याच नव्हत्या. पण ज्यांनी चक्काचूर हा शब्द ऐकला होता त्यांच्यातल्या कितीतरी जास्त जणांना काचा 'दिसल्या' होत्या. एका शब्दानं एवढं होतं. तू दीड महिना रोज रात्री चार बायकांच्या आणि शेकडो अनोळखी लोकांच्या तोंडून धडक, चक्काचूर, काचा हेच ऐकतेयस. फरशी पुसलेली होती हे तू पाहिलंस का? तुझ्या पत्रात ते कुठून आलं तेच लिहिलेलं नाहीये. चाळीस मिनिटं कुणी मोजली?

अंत्यविधीचं पण सांगते, कारण ते तू दोनदा लिहिलंयस. १९८० च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात उलुरूजवळच्या तंबूतून लिंडी चेंबरलेन या बाईची नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. ती सांगत राहिली की डिंगोनं, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यानं नेली. देशभर लोकांनी तिचा चेहरा टीव्हीवर पाहिला आणि ठरवलं, ही रडत नाही, हिनंच मारलं. तिचे कपडे, तिचा धर्म, बाळाच्या नावाचा अर्थ, कशाकशावर चर्चा झाली. १९८२ मध्ये जन्मठेप झाली. मग १९८६ मध्ये तिथेच दुसऱ्या कुणाचा तरी शोध चालू असताना त्या बाळाचं छोटंसं जॅकेट सापडलं, तिनं पहिल्यापासून सांगितलेलं जॅकेट, तिच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता ते. ती सुटली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि डिंगोमुळेच मृत्यू झाला असं अधिकृतपणे लिहिलं जायला २०१२ उजाडलं. तुझ्या मैत्रिणीचा नवरा निर्दोष आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, मला त्याच्याबद्दल काहीही माहीत नाही, तुलाही नाही. पण त्याच्या कोरड्या डोळ्यांवर तू जेवढी शाई खर्च केलीस त्याचा दहावा हिस्सा तरी त्या जॅकेटवर कर. तुझ्याकडे जॅकेट आहे बाई. तुझ्या फोनमध्ये आहे, मार्चमधल्या एका तारखेखाली, आणि तुम्ही चौघी रोज रात्री दोनशे मेसेज टाकून त्याला आणखी वर वर ढकलताय.

तुला ते ऐकवत नाही हे समजतं मला. आवाज परत ऐकायचा म्हणजे ती परत जाणार. आणि त्याच्या खाली तुमचं हसणं आहे, 'आता गाणं म्हण'. मला वाटतं, रात्री दोनपर्यंत तू जे वाचत बसतेस ना ते त्या एका रिप्लायपासून लांब राहण्यासाठी. तो नवरा जितका राक्षस ठरेल तितका तो रिप्लाय लहान होईल असं काहीतरी आत चाललंय. पण अगं, तो रिप्लाय नुसता लाजिरवाणा नाहीये, तो उपयोगाचा आहे. त्याच्यावर तारीख आहे, वेळ आहे. त्या दिवशी तिचा आवाज खरंच बसला होता आणि तो चार जणींनी त्याच वेळी ऐकला, हे तुमच्या त्या चिडवण्यातूनच दिसतं, मागाहून रचून सांगितलेलं नाही. दोन दिवसांची रजा ऑफिसच्या रेकॉर्डवर असेल. मेसेज, रिप्लाय, रजा, तिन्ही एका रेषेत.

तू म्हणशील एका सर्दीच्या मेसेजवर पोलीस काय करणार, आणि ती तर आता सांगायलाही नाही. पुण्यातलं मंजुश्री सारडा प्रकरण तुझ्या जन्माआधीचं असेल, १९८२ सालचं. लग्नाला चार महिने झालेले, विषानं मृत्यू. ती सांगायला उरली नव्हती, पण तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती, ती त्यांनी ठेवली होती. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की गेलेल्या माणसानं आपल्या मृत्यूशी जोडलेल्या परिस्थितीबद्दल जे बोललं किंवा लिहिलंय ते पुरावा म्हणून वाचता येतं, मरण समोर दिसत असतानाच बोललेलं पाहिजे असं काही नाही. आणि त्याच निकालात नवऱ्याला निर्दोष सोडलं, कारण परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण होत नव्हती, आत्महत्येची शक्यता उरत होती. निकालातल्या दोन्ही गोष्टी तुझ्यासाठी आहेत. तुझ्याकडचा मेसेज कशात बसतो ते वकील ठरवतील, त्यानं कोण अडकतं किंवा कोण सुटतं तेही तुझ्या हातात नाही. शवविच्छेदनाचा रिपोर्ट, फोटो, जपून ठेवलेले नमुने हे आधीचं काही कळलं तर पुन्हा नव्या नजरेनं पाहता येतात, मानेच्या आतली जुनी इजा भरून आल्याच्या खुणा कधीकधी दिसतात. पण 'आधीचं काही' असू शकतं हे तपास अधिकाऱ्याला कुणी सांगायला तर हवं. आत्ता ते जगात चार फोनांत आहे.

की पाच? हा दुसरा मुद्दा, जो वाचताना माझ्या पोटात गोळा आला. तू लिहिलंस जुना ग्रुप, ज्यात तीही होती. म्हणजे तिचा नंबर अजून त्यात आहे? तिचा फोन कुणाकडे आहे? पोलिसांकडे असेल तर ठीक. नवऱ्याकडे असेल तर तुमचे सगळे तर्क, कोण काय सांगणार आहे, कुणाला काय आठवतंय, तो रोज वाचत असेल. आणि त्यानं काही केलंच नसेल तर बायको गेल्यावर दीड महिना तिच्या मैत्रिणी आपल्याला खुनी म्हणतायत हे वाचत असेल. यातलं कुठलं जास्त वाईट ते मला सांगता येत नाही. शिवाय ती मुलगी आहे, तिला आज ना उद्या आईचा फोन हातात मिळेल.

म्हणून उद्या सकाळी जायचं. उद्याच. आज रात्री ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाही, 'मी पोलिसांकडे जातेय' हे पण नाही. तो मेसेज कुणाला फॉरवर्ड करायचा नाही, डाउनलोड करून दुसरीकडे हलवायचा नाही, ग्रुप डिलीट करायचा नाही, मेसेज आपोआप पुसले जाण्याचं सेटिंग चालू असेल तर ते आधी बंद करायचं. नवीन फोन घ्यायचा विचार असेल तर थांब. मग एक कागद घे आणि हातानं लिही, फक्त स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं. ती कुठल्या तारखेला रजेवर होती, परत आली तेव्हा तुला जे दिसलं ते, तिचे जे शब्द आठवतात ते. जिथे 'बहुतेक' लिहावंसं वाटेल तिथे 'बहुतेक' असंच लिही. 'लोक म्हणतात' ने सुरू होणारं एकही वाक्य नको, त्याचे कोरडे डोळे पण नकोत. कागद दोन पानांचा झाला तर काहीतरी चुकलंय, अर्ध्या पानात मावेल तो.

तो कागद आणि फोन घेऊन तपास अधिकाऱ्याला भेट, आणि दिल्याची लेखी पोच माग. उडवून लावलं तर वरच्या अधिकाऱ्याला लेखी दे, तिथेही पोच माग. बाकीच्या तिघींना त्यानंतर सांग, आणि तेव्हाही एवढंच, की तुमच्याकडे जे आहे ते तुम्ही आपापलं जाऊन द्या, मला दाखवू नका.

खरं काय झालं ते कधी कळणार, हे तू विचारलंयस. कदाचित कधीच नाही कळणार. घराच्या आत जे घडतं त्यातलं बरंच घरातच राहतं, कोर्टाचा निकाल आला तरी सगळ्या सव्वीस प्रश्नांची उत्तरं त्यात नसतात. आणि यातून बाहेर कसं पडायचं ते मी आज सांगणार नाही, तो कागद देऊन आल्यावर मला लिही, मग त्याबद्दल बोलू, कितीही लांब लिहिलंस तरी वाचेन.

मेसेज तिथे ऐकवावा लागेल. पहिल्यांदा तिथेच, परक्या माणसांसमोर ऐकायला नको वाटत असेल तर आज संध्याकाळी नवऱ्याला शेजारी बसव आणि एकदा ऐक. किती सेकंदांचा आहे? तू ते पण लिहिलं नाहीस. आणि फोन रात्री चार्जिंगला लावून ठेव.