मुंबईत उतरून नागपूरचं विमान: पावणेतीन तासांतले तुमच्या हातात किती?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबा म्युनिकहून दुबईमार्गे मुंबईला पहाटे ३:०५ ला उतरणार, नागपूरचं विमान ५:५० ला. मुंबईपर्यंतचं तिकीट एक, पुढचं वेगळं काढलेलं. दोघांच्या मिळून चार बॅगा, आणि आईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना व्हीलचेअर. मधे पावणेतीन तास आहेत, पुरतील का?

उत्तर आधी देतो, कारणं मग. हे नागपूरचं विमान बदला. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराचं घ्या, फरकाचे पैसे भरावे लागले तरी घ्या. मी मस्कतला चौदा वर्षं होतो आणि घर नागपूरला. मुंबईत उतरून नागपूर गाठण्याचा हा प्रवास मी एकट्याने केलाय, लहान मुलांना घेऊन केलाय आणि म्हाताऱ्या वडिलांना एकट्यांना पाठवूनही पाहिलाय. एकटा धडधाकट माणूस पाठीवर एक सॅक घेऊन असेल तर पावणेतीन तास आरामात पुरतात. तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत पुरतीलच असं मी म्हणणार नाही.

हिशेब शेवटाकडून करायचा असतो. विमान ५:५० ला सुटतं, पण सामान घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. म्हणजे तुमची खरी वेळ ४:५०. वेब चेक-इन घरूनच केलंय, बोर्डिंग पास फोनवर आहे, तरी बॅगा द्यायच्या असतील तर ही वेळ तुम्हाला लागू आहेच. पुढे सिक्युरिटी, आणि विमानाचं गेट सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद. म्हणजे पावणेतीन तासांतला एक तास पहिल्याच फटक्यात गेला. उरले पावणेदोन.

आता त्या पावणेदोन तासांत काय काय बसवायचंय ते बघा. मुंबईला दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पावसाळ्यात जरा हवा बिघडली की विमानं वर घिरट्या घालत बसतात. वेळेवर आलंच असं धरू. व्हीलचेअरवाल्या प्रवाशांना सगळ्यात शेवटी उतरवतात, म्हणजे आईंना दारातून बाहेर यायला वीस-पंचवीस मिनिटं धरा. साडेतीन झाले. मध्यरात्र ते पहाट हीच आखातातून आणि युरोपातून येणाऱ्या विमानांची वेळ, त्यामुळे इमिग्रेशनला कधी पंधरा मिनिटांत सुटका होते, कधी पाऊण तास रांग हलत नाही. व्हीलचेअर ढकलणारा कर्मचारी सोबत असला की बहुतेक वेळा वेगळ्या रांगेतून नेतात. बाबांना त्यांच्याबरोबरच राहायला सांगा, सुटं पुढे जायला नको. तरी चार वाजतातच. आणि मग बेल्ट.

सगळा खेळ बेल्टवर अवलंबून असतो. तुमचे पाय कितीही भरभर चालोत, बॅग तिच्या वेळेनेच येणार. चार बॅगांपैकी तीन पहिल्या दहा मिनिटांत येतात आणि चौथीसाठी पाऊण तास उभं राहावं लागतं, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

इथे वडिलांची गोष्ट सांगतो. त्यांचं सगळं एकाच तिकिटावर होतं, मस्कत ते मुंबई ते नागपूर. मस्कतच्या काउंटरवरच्या माणसाने दोन्ही बोर्डिंग पास हातात दिले आणि सांगितलं, 'बाबा, सामान थेट नागपूरला मिळेल.' बॅगेच्या चिठ्ठीवरही एनएजी, म्हणजे नागपूरच्या कोडचीच अक्षरं होती. ओळखू यावी म्हणून माझ्या आईने बॅगेच्या मुठीला जुन्या नऊवारीच्या काठाची पट्टी बांधली होती, हिरव्यात लाल बुट्टे. वडील मुंबईत बेल्टजवळून गेले, ती पट्टी लांबून फिरताना त्यांना दिसलीसुद्धा. पण 'थेट नागपूर' सांगितलंय म्हणजे आपण हात लावायचा नाही, अशा विचाराने ते पुढे गेले. ते नागपूरला पोचले, बॅग मुंबईत राहिली. चार दिवसांनी आली. त्यात त्यांच्या साखरेच्या गोळ्या होत्या.

म्हणून आई-बाबांना हे एक वाक्य पाठच करून घ्यायला लावा: परदेशातून येताना भारतातल्या पहिल्या विमानतळावर आपली बॅग आपणच उचलायची, चिठ्ठीवर शेवटचं गाव कुठलंही लिहिलेलं असो. कारण कस्टम्स तिथे होतं. ते झालं की बॅग पुन्हा पुढच्या विमानासाठी द्यायची. काही कंपन्या ठरावीक मार्गांवर शेवटच्या विमानतळावर कस्टम्सची सोय करतात. तसं असेल तर निघतानाच्या काउंटरवर स्पष्ट विचारून घ्यावं, नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नये. तुमच्या बाबतीत तिकिटं वेगळी आहेत, तेव्हा चिठ्ठी मुंबईचीच, बीओएमची लागेल. प्रश्नच मिटला. आणि औषधं चारी बॅगांत कुठेही नकोत, हातातल्या पिशवीत, प्रिस्क्रिप्शनसकट.

बॅगा मिळाल्या की ट्रॉली तिथेच बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबा. दुबईच्या ड्यूटी फ्रीमधली अत्तराची बाटली, मधाची बरणी, चॉकलेटचं क्रीम, जे काही पातळ हातातल्या पिशवीत असेल ते मोठ्या बॅगेत टाका. पुढे देशांतर्गत सिक्युरिटी नव्याने होणार आहे, तिथे बाटलीवरून वाद घालायला वेळ नसतो. पॉवर बँक मात्र उलट, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच हवी. सवलतीच्या मर्यादेपेक्षा जास्त सोनं किंवा महागडी वस्तू असेल तर सरळ लाल मार्गाने जाऊन सांगावं आणि बिलं हाताशी ठेवावीत. काही नसेल तर हिरवा मार्ग.

कस्टम्सच्या पुढे माणसं हमखास चुकतात. सगळी गर्दी बाहेरच्या दाराकडे चाललेली असते, पलीकडे नावांच्या पाट्या धरून लोक उभे असतात, आणि आपणही त्या लोंढ्याबरोबर बाहेर पडतो. बाहेर पडण्याआधी देशांतर्गत ट्रान्सफरची पाटी शोधा, नाही दिसली तर तिथल्या कर्मचाऱ्याला तिकीट दाखवून विचारा. पुढच्या कंपनीचा काउंटर आत असेल तर बॅगा तिथेच द्यायच्या. नसेल तर लिफ्टने चौथ्या मजल्यावर, निर्गमनाला. तिथे दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो; पासपोर्ट चालतो, आधार शोधत बसू नका.

आता टर्मिनल. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण माझ्या दृष्टीने पहिलं तेच बघायला हवं. आंतरराष्ट्रीय विमान सहारच्या टी-२ वर येतं. देशांतर्गत विमानं टी-२ वरूनही सुटतात आणि सांताक्रूझच्या टी-१ वरूनही. एकाच इंडिगोची काही टी-१ ची, काही टी-२ ची असतात, तेव्हा कंपनीच्या नावावरून अंदाज बांधू नका, तिकिटावर छापलेलं वाचा आणि आदल्या दिवशी पुन्हा वाचा, कारण ते बदलतं. दोन टर्मिनलांमधे रस्त्याने चार-पाच किलोमीटर. पहाटे रस्ता मोकळा असतो हे खरं, पण टॅक्सी मिळवणं, चार बॅगा चढवणं-उतरवणं, नवी व्हीलचेअर मिळेपर्यंत थांबणं, याचा पाऊण तास धरा. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२४ पासून दोन्ही टर्मिनलांना जोडते, मधे फक्त सहार रोड स्टेशन. एकट्याला दिवसा उत्तम. पण तुमची वेळ तिच्या पहिल्या गाडीच्याही आधीची आहे.

आणखी एक, हे नवीन आहे म्हणून मुद्दाम सांगतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटू लागली आहेत. तिकीट शोधताना 'मुंबई' टाकलं की दोन्ही विमानतळ एकाच यादीत येतात, आणि स्वस्त दिसलं म्हणून माणूस बटण दाबतो. नवी मुंबईचा कोड एनएमआय. ते उलव्याला आहे, आणि सहारला उतरून तिथे जाणं म्हणजे मुंबईच्या एका टोकाहून खाडीपलीकडे. नवं तिकीट काढताना सुटण्याचं ठिकाण बीओएम आणि टर्मिनल टी-२, हे दोन्ही बघूनच पैसे भरा. गोव्याला जाणाऱ्यांचंही तेच: दाबोळी वेगळं, मोपा वेगळं.

वजनाचं काय? म्युनिकच्या तिकिटावर माणशी पंचवीस-तीस किलो मिळालं असेल. देशांतर्गत साध्या तिकिटावर १५ किलो. एकाच तिकिटावर प्रवास असता तर मोठी मर्यादा पुढेही चालली असती, वेगळ्या तिकिटांवर ती चालत नाही. जादा वजनाचे पैसे कंपनीच्या ॲपवर आधीच भरून ठेवा, विमानतळावर जास्त पडतात. आणि पैशांपेक्षा मोठा मुद्दा वेळेचा आहे. पहाटे साडेचारला एका काउंटरवर वजन, दुसऱ्या काउंटरवर पैसे, पावती घेऊन परत पहिल्यावर, हे सगळं बाबांना धावत करावं लागेल. एकेक बॅग ३२ किलोच्या वर कुठेच घेत नाहीत.

वेगळ्या तिकिटांचा मूळ धोका तुम्हाला ठाऊक असेलच, तरी लिहितो. एकच पीएनआर, म्हणजे सगळ्या प्रवासाचा एकच बुकिंग क्रमांक असता आणि दुबईहून विमान उशिरा आलं असतं, तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी असती. तुमच्या बाबतीत नागपूरच्या कंपनीच्या लेखी आई-बाबा फक्त 'आले नाहीत'. भाडं बुडतं. मात्र विमानतळाचं शुल्क आणि सरकारी कर न वापरलेल्या तिकिटावर परत मिळतात, अगदी 'नॉन-रिफंडेबल' तिकिटावरसुद्धा. ते मागून घ्या, बरेच लोक सोडून देतात. पुढच्या वेळी शक्यतो एकच तिकीट काढा, किंवा नागपूरला आखातातून थेट विमान मिळतंय का ते सगळ्यात आधी बघा. नागपूरकरांना ही सोय मिळत आलेली आहे आणि मुंबईचा सगळा व्याप त्यात वाचतो.

विमान बदलता आलंच नाही तर? मग चार बॅगांच्या दोन करा, जमलं तर माणशी एक छोटी हातातलीच. बेल्टवरची बॅग नाही म्हणजे काउंटरची वेळही नाही, हाच एक बदल तुम्हाला तासभर मिळवून देतो. उरलेलं सामान तुम्ही पुढच्या वेळी आणा. म्युनिकमधे सीट पुढच्या भागातली घ्या. व्हीलचेअरची विनंती दोन्ही कंपन्यांकडे वेगवेगळी, किमान ४८ तास आधी. एकीला सांगितलं की दुसरीला आपोआप कळत नाही. मुंबईतल्या कर्मचाऱ्याला आईंनी पहिल्याच मिनिटाला सांगावं, 'आमचं नागपूरचं ५:५० चं विमान आहे.' त्याला बाहेर सोडायचंय की पुढच्या काउंटरला न्यायचंय, हे तिथेच ठरतं.

आणि त्यांच्या भारतातल्या सिमकार्डचं बघा. तुमच्याकडे तीन-चार महिने राहिले असतील तर प्रीपेड रिचार्ज संपलेला असणार, आणि मग ओटीपीच येत नाही. विमानतळाच्या वायफायला ओटीपी लागतो, टॅक्सीच्या ॲपला लागतो, तिकीट बदलायलाही लागतो. निघण्याच्या दोन दिवस आधी तुम्हीच तिथून रिचार्ज मारा आणि एक मेसेज येतोय का ते तपासा. नागपूरच्या तिकिटावर संपर्काचा नंबर मात्र तुमचा घाला, म्हणजे ते हवेत असताना काही बदललं तर तुम्हाला कळेल आणि तुम्ही तिथून हालचाल करू शकाल.

दर वर्षी येणं-जाणं होणार असेल तर दोघांची एफटीआय-टीटीपी नोंदणी करून ठेवा. इमिग्रेशनची ही जलद वाट जून २०२४ मधे दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे. भारतीय नागरिकांना आणि ओसीआय कार्डधारकांना (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना) फुकट आहे. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे आणि चेहरा एकदा विमानतळावर द्यायचा, मग ई-गेटने बाहेर. या खेपेला ती होईल असं धरून चालू नका. डिजियात्रा ही वेगळी गोष्ट, ती देशांतर्गत प्रवेशाला उपयोगी पडते, इमिग्रेशनला नाही.

नऊ-दहाचं विमान घेतलंत तर पहाटे साडेचार-पाचपर्यंत सगळं उरकून ते टी-२ वरच असतील. बॅगा सुटण्याच्या किती तास आधी घेतात ते कंपनीला विचारून ठेवा. तोवर ट्रॉलीजवळ बसून राहता येतं, चहा मिळतो, स्वच्छतागृह जवळ असतं. आईंना पाय पसरून बसता येईल. तिकीट बदललंत की नवी वेळ आणि टर्मिनल कळवा, व्हीलचेअरच्या विनंतीत काय काय लिहायचं ते मी सांगतो.