वाचक विचारतात : ‘शिकागो जस्टिस’ तेरा भागांतच का आटोपली?

प्रश्न : ‘लॉ अँड ऑर्डर : एसव्हीयू’ या अमेरिकन मालिकेत पीटर स्टोन नावाचा सरकारी वकील मध्येच येतो आणि सव्वा वर्षाने निघून जातो. तो आधी दुसऱ्या एका मालिकेचा नायक होता, असे वाचले. ती मालिका कोणती आणि ती इतक्या लवकर बंद का पडली? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ती मालिका म्हणजे ‘शिकागो जस्टिस’. एनबीसी वाहिनीवर १ मार्च २०१७ रोजी ती सुरू झाली, १४ मे रोजी तिचा तेरावा भाग दाखवला गेला आणि त्यानंतर आठ दिवसांनी ती पुढे चालू ठेवणार नसल्याचे वाहिनीने जाहीर केले. निर्माते डिक वुल्फ यांच्या ‘शिकागो फायर’ (२०१२), ‘शिकागो पीडी’ (२०१४) आणि ‘शिकागो मेड’ (२०१५) या मालिका अग्निशमन दल, पोलीस आणि रुग्णालय यांच्यावर बेतलेल्या होत्या. त्यांच्या पाठोपाठ न्यायालय येणे ओघाचेच होते. फिलिप विंचेस्टरने रंगवलेला पीटर स्टोन हा मूळ ‘लॉ अँड ऑर्डर’मधल्या बेन स्टोन या सरकारी वकिलाचा मुलगा. एका साक्षीदार स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध साक्षीला उभे केल्यामुळे तिचा जीव गेला, या सलीने बेन स्टोनने १९९४ साली राजीनामा दिला होता. त्यामुळे जुन्या प्रेक्षकाच्या दृष्टीने पीटरच्या पाठीशी एक इतिहास तयारच होता. ‘शिकागो जस्टिस’ संपल्यावर २०१८ च्या फेब्रुवारीत बापाच्या अंत्यविधीच्या निमित्ताने त्याला न्यू यॉर्कला आणले गेले आणि मे २०१९ मध्ये तो ‘एसव्हीयू’तूनही बाहेर पडला.

मालिका का बंद पडली, याचे वाहिनीच्या हिशेबातले उत्तर प्रेक्षकसंख्या, वेळ आणि नव्या कार्यक्रमांसाठी लागणारी जागा असे असणार, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. बाकीच्या शिकागो मालिका आठवड्याच्या मधल्या दिवसांत लागत असताना हिला रविवारची रात्र मिळाली होती. तरीही माझ्या मते खरी अडचण मालिकेच्या बांधणीतच होती. तिला स्वतःच्या पायावर उभे राहूच दिले गेले नाही. तिची कल्पनाच आदल्या वर्षी ‘शिकागो पीडी’च्या एका भागातून प्रेक्षकांपुढे चाचपून पाहण्यात आली होती. पुढे पहिला भाग आला तोही एकाच रात्री ‘फायर’मध्ये लागलेल्या आगीपासून सुरू होऊन ‘पीडी’तल्या तपासातून फिरत आलेल्या कथेचा शेवटचा तुकडा म्हणून. तपासाची बाजू सांभाळणारा अँटोनियो डॉसन (जॉन सेडा) हा ‘पीडी’कडून आणलेला होता आणि मालिका बंद होताच तो तिकडे परत गेला. लग्नाच्या पंगतीत प्रत्येक पदार्थ शेजारच्या घरून यावा, तसा हा प्रकार होता.

याचा सर्वांत मोठा तोटा दुसऱ्या भागात दिसतो. केव्हिन ॲटवॉटर हा ‘पीडी’तला पोलीस अधिकारी. त्याच्या ताब्यातल्या आरोपीचा मृत्यू होतो आणि पीटर स्टोनला आपल्याच बाजूच्या पोलिसाविरुद्ध चौकशी करावी लागते. सरकारी वकिलाचे सगळे काम पोलिसांनी आणलेल्या पुराव्यावर चालते, रोज त्यांच्याशीच गाठ असते, आणि एके दिवशी त्यांच्यापैकीच एकाला आरोपीच्या जागी उभे करायचे असते. कायद्याच्या नाट्याला याहून कसदार विषय मिळणे अवघड आहे. पण प्रेक्षकाला हेही ठाऊक असते की येत्या बुधवारी ॲटवॉटर ‘पीडी’त पुन्हा कामावर दिसणार. निकाल काय लागणार, हे न्यायालयात ठरत नाही, दुसऱ्या मालिकेच्या वेळापत्रकात ठरते. ज्या खटल्यात आरोपी दोषी ठरण्याची शक्यताच नाही, त्याची उलटतपासणी कितीही चांगली लिहिली तरी जीव टांगणीला लागत नाही.

तेरा हा आकडाही लक्षात घेण्यासारखा आहे. न्यायालयाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या वुल्फ यांच्या ‘लॉ अँड ऑर्डर : ट्रायल बाय ज्युरी’ (२००५) आणि ‘कन्व्हिक्शन’ (२००६) या दोन्ही मालिका तेरा तेरा भागांतच आटोपल्या होत्या. मूळ ‘लॉ अँड ऑर्डर’ सलग वीस वर्षे चालली, कारण तिच्यात तपास आणि खटला हे दोन्ही अर्धे भाग एकत्र होते आणि पहिल्या अर्ध्यात पोलिसांनी केलेली घाई दुसऱ्या अर्ध्यात वकिलाला भोवत असे. शिकागोमध्ये हे अर्धे दोन वेगळ्या मालिकांमध्ये वाटले गेले.

प्रश्न : या मालिकेत सुरुवातीला एक भारतीय वंशाची अभिनेत्री होती, असे ऐकले. हे खरे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय. मे २०१६ मध्ये ‘पीडी’च्या ज्या भागातून मालिकेची चाचपणी झाली, त्यात मुंबईत जन्मलेली नाझनीन कॉन्ट्रॅक्टर सहायक सरकारी वकिलाच्या भूमिकेत होती. ‘ट्वेंटी फोर’च्या आठव्या पर्वात प्रेक्षकांनी तिला आधीच पाहिले होते. प्रत्यक्ष मालिकेत मात्र ती नव्हती, तेथे मोनिका बार्बारोने रंगवलेली ॲना वाल्देझ स्टोनची सहकारी म्हणून आली.

प्रश्न : मालिकेत सरकारी वकिलाच्या कार्यालयाकडे स्वतःचे तपास अधिकारी दाखवले आहेत आणि कार्यालयाचा प्रमुख निवडणूक लढवतो. हे खरोखर तसे असते का? आपल्याकडे तशी सोय आहे का? (कायद्याची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शिकागो शहर कुक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) येते आणि तेथील मुख्य सरकारी वकील, म्हणजे स्टेट्स अटर्नी, दर चार वर्षांनी लोकांच्या मतांनी निवडला जातो. मालिकेत ‘रॉकी’तल्या अपोलो क्रीडच्या भूमिकेने गाजलेल्या कार्ल वेदर्स यांनी हा प्रमुख मार्क जेफरीज रंगवला आहे, आणि खटला जिंकण्याइतकीच मतदारांची नाराजी टाळण्याची त्याला चिंता असते. या कार्यालयाचा स्वतःचा तपास विभाग आहे. शिवाय तेथे बहुतेक गंभीर गुन्ह्यांत पोलिसांना थेट आरोप ठेवता येत नाही. त्यासाठी पाळीवर असलेला सहायक सरकारी वकील, गरज पडल्यास रात्री पोलीस ठाण्यात जाऊन, पुरावा पाहून संमती देतो.

निवडणुकीचा धाक किती खरा असतो, हे मालिकेच्या आधीच्याच वर्षी शिकागोने पाहिले होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये लाक्वान मॅक्डॉनल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर एका पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या. या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला गेला तो तेरा महिन्यांनी, घटनेची चित्रफीत लोकांपुढे आली त्याच दिवशी. या दिरंगाईच्या संतापातून मार्च २०१६ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत तत्कालीन स्टेट्स अटर्नी अनिता अल्वारेझ पराभूत झाल्या आणि पुढे किम फॉक्स त्या पदावर आल्या. खटला चालवण्यासाठी केन काउंटीचे सरकारी वकील विशेष अभियोक्ता म्हणून नेमावे लागले, आणि २०१८ मध्ये तो पोलीस दोषी ठरला. ॲटवॉटरच्या भागात जे घडू शकले नाही, ते त्याच शहरातल्या खऱ्या न्यायालयात घडले.

आपल्याकडे रचना अगदी वेगळी आहे. तपास पोलिसांचा, खटला सरकारी वकिलाचा, ही फारकत १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पक्की केली. ज्या पोलीस अधिकाऱ्याने तपासात भाग घेतला आहे, त्याला त्या प्रकरणात सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून उभे राहता येत नाही. २००५ च्या दुरुस्तीने अभियोग संचालनालयाची, म्हणजे सरकारी वकिलांच्या कामावर देखरेख करणाऱ्या कार्यालयाची तरतूद आली, आणि जुन्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० ने संचालनालयातील अधिकाऱ्यांवर पोलीस अहवालाची छाननी करणे, खटल्यांच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे आणि अपील करावे की नाही याबाबत मत देणे ही कामे सोपवली. म्हणजे आपला अभियोक्ता तपासातली उणीव दाखवू शकतो, पण ती भरून काढण्यासाठी स्वतःचा अँटोनियो डॉसन पाठवू शकत नाही. ते काम पुन्हा त्याच पोलीस ठाण्याकडे जाते, आणि कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात नेमके हेच टोचते. अशा प्रकरणात कायद्याने न्यायदंडाधिकाऱ्याकडून स्वतंत्र चौकशीची तरतूद ठेवली आहे ती म्हणूनच.